मांडीवरची गोधडी

“आत काय कोंबलंय म्हनावं, एवढं जाड?” कडूबाईनं शिवणीचा कोपरा उसवून आत बोट घातलं.

धारूरच्या अलीकडचं त्यांच्या गावाचं तळं यंदा पार आटलं होतं. तळात माजलेल्या वेड्या बाभळी तोडायला सोसायटीनं साखळीची करवत-मशीन घेतली आणि ती कडूबाईच्या नवऱ्याच्या, सटवाच्या हाती दिली. मशीनसोबत जाळीचं टोपडं, हातमोजे आणि पायांवर पुढून बांधायचं हे जाडजूड कापड आलं होतं. सटवा म्हणाला, “ह्या उन्हात ही गोधडी कोन गुंडाळील?”

गोधडी म्हटल्यावर कडूबाईला राहवेना. आत निघाले लांब पांढरे धागे, थरावर थर, सगळे मोकळे. मधे एक टाका म्हणून नाही! कुण्या आळशी बाईनं भरलंय, असं पुटपुटत तिनं डाव्या पायावर दाट धावदोरा घातला. दोरा संपला म्हणून उजवा राहिला.

बायकोची शिलाई म्हणून सटवानं ते सकाळी मुकाट बांधलं. फांद्या ओढणारा तात्याबा हसला, “नवरदेव झालास बे!”

बाजाराच्या दिवशी मशीनचा मिस्त्री गहिनीनाथ साखळीला धार लावायला तळ्यात आला. कडूबाई भाकरी घेऊन आलेलीच होती.

“ह्ये कुनी शिवलं?”

“म्या. लई सैल होतं.”

“मावशे, सैलच पायजे. साखळी लागली की धागे तिच्यात गुततेत आन् मशीन बंद पडती.”

“मग शिवल्यावर कावून न्हाई गुतत?”

“टाक्यांनी धागे जखडलेत, उपसून येत न्हाईत. वायाच गेलंय आता. बघाच.”

त्यानं सटवाच्या पायांवरचं कापड सोडून बाभळीच्या ओंडक्यावर बांधलं. आधी उजवा पाय. मशीन घुरघुरली, धाग्यांचा पुंजका साखळीत शिरला आणि ती गप्प झाली. खालची साल शाबूत होती. साखळी साफ करून त्यानं डाव्यावर टेकवली. ती कडूबाईच्या टाक्यांतून सरळ लाकडात उतरली. भुसा उडाला.

सटवाचा हात आपसूक मांडीवर गेला.

“दोनच झाडं राह्यलीत,” तात्याबा हळूच म्हणाला. “तेवढी उरकू. सोसायटीवाले बोलतील.”

“बोलू द्या,” कडूबाई म्हणाली. “नवं येईस्तोर मशीनला हात न्हाई. आयकलं का, अवं?”

सटवानं टोपडं काढलं. “आयकलं. पर टाके लई सरळ घातल्तेस बग.”

तिला हसू आलं नाही.

घरी निघाले तेव्हा तो पुढं, ती मागं. तळाच्या धुळीत त्याचे ठसे उमटत होते. डावा, उजवा, डावा. एकही मोडू नये म्हणून ती कडेकडेनं चालली.