माणूस नसलेला फोटो

आमच्या ह्यांनी उभ्या जन्मात मोहाडीची जेवढी माणसं सरळ उभी केली, तेवढी पोलिसांनीही केली नसतील. "हनुवटी वर, खांदे सरळ, हसू नका... आता हसा." भोजराज फोटो स्टुडिओ. लग्नं, बारशी, दाखल्याचे फोटो, सगळं रोलच्या कॅमेऱ्यावर. पुढे प्रत्येकाच्या हातात मोबाईल आला आणि स्टुडिओचं दुकान झालं. तिथे मी आता ब्लाउजपिसं विकते. जुना कॅमेरा मात्र ह्यांनी हलू दिला नाही.

"चंद्रकांता, जिंदगीभर लोकायसाठी फोटो काढले," ते म्हणाले. "एक तरी मले माझ्यासाठी काढायचा हाये. नुसतं जंगल, नुसती जमीन. माणूस नाई."

त्यात भंडाऱ्याच्या हौशी मंडळींनी येत्या जानेवारीत फोटोंचं प्रदर्शन ठरवलं. अट दोनच गोष्टींची होती: फोटो रोलवर काढलेला हवा आणि त्यात माणूस नको. ह्यांनी लगेच नाव दिलं. आमच्या मुलीने, हर्षाने, कुठून कुठून शोधून दोन रोल मागवले, कारण आता ते सहजी मिळत नाहीत.

पहिला रोल दिवाळीत राजस्थानात गेला. हर्षानेच आम्हाला वाळवंट दाखवायला नेलं होतं. संध्याकाळची वाळू इतकी सुंदर होती की मीसुद्धा जरा वेळ गप्प बसले. ह्यांनी कॅमेरा लावला, तेवढ्यात समोरून कुणाचं तरी कुटुंब चालत आलं. माझ्या नवऱ्याला राहवेल तर शपथ! "भैया, थोडा बाये. चिन उप्पर." रोल धुऊन आला, तर प्रत्येक फोटोत वाळूवर कुणी ना कुणी आधारकार्डासाठी उभं राहावं तसं ताठ उभं. एकात तर उंटाचीही हनुवटी वर होती.

हर्षा पोट धरून हसली. हे हसले नाहीत. तेव्हा मला कळलं की हा नुसता नाद नाही, माणसाच्या मनाला लागलेली गोष्ट आहे.

उरला एक रोल. डिसेंबरात धुकं पडायला लागलं तसं आम्ही पहाटे स्कूटरवर बसून करडी गावाच्या पुढच्या जंगलाकडे निघालो. मी सोबत होते राखणदार म्हणून. कुणी मध्ये आलं तर हाकलायचं आणि ह्यांनी कुणाला बोलावलं तर ह्यांना आवरायचं.

कडेला थांबून ह्यांनी रोल भरला. आता इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. रोल भरताना त्याच्या सुरुवातीला उजेड लागतो, म्हणून पहिला फोटो अर्धा जळून येतो. बाकीचे फोटोवाले तो सोडून देतात. पण आमचे हे म्हणजे ताटातलं शीत न टाकणारे. तो वाया जाणारा फोटो ते माझा काढायचे. लग्न झाल्यापासून प्रत्येक रोलच्या तोंडाशी मी आहे. कधी हातात पळी, कधी ओले केस, कधी हर्षा पोटात, आणि दर वेळी चेहऱ्याची एक बाजू जळालेली. साऱ्या तालुक्याच्या नवऱ्या पूर्ण आणि घरची बायको अर्धी! याचा मला राग होता, आणि तो मी कधी लपवलाही नाही.

त्या पहाटेही सवयीने कॅमेरा माझ्याकडे वळला.

"नाई," मी म्हटलं. "आज माणूस नाई म्हनलं ना? मंग मी काय माणसात येत नाई?"

आणि मी सरकले. मी बाजूला झाले न झाले तोच त्यांचं बोट दाबलं गेलं.

"गेला ना वाया!" ते करवादले.

"तो तं जातेच वाया," मी म्हटलं.

मग आम्ही आत शिरलो. सागाच्या खोडांमधून धुकं सरकत होतं. ह्यांनी श्वास रोखला, आणि घंटा वाजली. ओळखीचा गुराखी गोमाजी म्हशी घेऊन येत होता.

"गोमाजी भाऊ, बाजूले व्हा," मी ओरडले. "फोटोत माणूस नाई पायजे."

"म्हशी चालतात, अन् मी नाई चालत?" गोमाजीचा चेहरा एवढासा झाला. झालं, हे विरघळले. "ये गोमाजी. हनुवटी वर."

त्याच्यामागून मोळीवाल्या बाया आल्या, त्यांना नाही कसं म्हणायचं? मी ह्यांच्याकडे डोळे वटारून पाहत होते, तोच करडीची निर्मलाबाई दिसली. माझी बालमैत्रीण. "अवं, मले बी एक काढून दे ना, धुक्यातली," ती म्हणाली. आणि राखणदाराने स्वतःच्या हाताने तिचा पदर नीट केला.

रोल संपला. धुकंही विरलं.

परतताना ह्यांनी कॅमेरा गळ्यात न घालता डिकीत टाकला. मला फार वाईट वाटलं. घर आल्यावर म्हणाले, "जाऊ दे. मले रिकामी जागा पाहवतच नाई."

आठवड्याने धुतलेले फोटो मोबाईलवर आले. गोमाजी, म्हशी, बाया, निर्मलाबाई. हे उलट्या बाजूने बघत गेले आणि अगदी पहिल्याशी थांबले. एक कड जळून पिवळी-केशरी झालेली, जणू तिकडे सूर्य उगवतोय, आणि बाकी नुसतं जंगल, नुसतं धुकं. माणूस नाही.

"हा कवा काढला मी?"

"मी सरकली तवा."

त्यांनी तो बोटांनी मोठा करून पाहिला. तोच फोटो भंडाऱ्याला गेला.

प्रदर्शनात त्याच्यासमोर सगळ्यात जास्त लोक उभे होते. सूर्य कुठल्या दिशेचा, यावर दोघांचा वादही झाला. मी पुढे होऊन खालची चिठ्ठी वाचली. ह्यांच्या अक्षरात फोटोचं नाव होतं: चंद्रकांता.

"काका, पण यात तर कुणीच नाही," एक पोरगी म्हणाली.

"आत्ता होती," माझ्याकडे बोट दाखवत हे म्हणाले. "रागानं बाजूले सरली. ते जागा तिचीच हाये."

माझे डोळे भरून आले. लोक वळून माझ्याकडे बघायला लागले आणि कुणी न सांगता माझी हनुवटी वर गेली.