कानापुढची धमनी

धाकटीनं ताईच्या दोन्ही कानांपुढे बोटं टेकवली आणि श्वास रोखून वाट पाहिली. डावीकडे ठोका नीट लागत होता. उजवीकडे मात्र कातडीखाली गाठी मारलेल्या सुतळीसारखं काहीतरी कडक लागत होतं, आणि ठोक्याचा पत्ता नव्हता.

माणसाच्या डोक्याशी धाकटीची जुनी ओळख. वैद्यकीय कॉलेजांना प्लास्टरची डोकी पुरवणाऱ्या कारखान्यात ती सव्वीस वर्षं रक्तवाहिन्या रंगवत होती. कानापुढून वर चढून कानशिलावर दोन फाटे फुटणारी ही बारीक धमनी तर तिची लाडकी. तिथे ती दुसऱ्या कुणाचा कुंचला लागू देत नसे.

अडुसष्ट वर्षांची ताई तिच्याच घरी राहायची. निवृत्त शिक्षिका, तोंडाला कुलूप माहीत नाही. पंधरा दिवस ती डोकं धरून बसली होती. कंगवा लागला तरी कळ यायची. चार घास खाल्ले की जबडा भरून यायचा. जन्मभर बोलून जो दमला नाही तो आता चावून दमला, असं ती स्वतःच म्हणायची. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी काही फरक पडला नव्हता. आणि आज सकाळी उजव्या डोळ्यापुढे मिनिटभर पडदा आला होता, हे तिनं आत्ता चहा पिताना सहज सांगितलं.

उद्या बघू, असं ताई म्हणत होती. धाकटीनं तिच्या चपला आणून पायांपुढे ठेवल्या.

इस्पितळात धाकटीनं सगळं क्रमवार सांगितलं: धमनी कुठून वर येते, कुठे फुटते, पुढचा फाटा कुठे कडक झालाय. डॉक्टरबाईंनी बोट लावून पाहिलं आणि त्या गंभीर झाल्या.

“कुठल्या वॉर्डात असता तुम्ही, सिस्टर?”

“मी रंगारी आहे.”

धमनीला सूज होती. ती डोळ्याच्या रक्तवाहिनीपर्यंत पोचली तर नजर जाते, आणि गेलेली नजर सहसा परत येत नाही, असं बाईंनी समजावलं. तपासणीसाठी न थांबता त्यांनी लगेच गोळ्या सुरू केल्या. चार दिवसांनी धमनीचा तुकडा काढून तपासला, तेव्हा निदान पक्कं झालं. डोळा वाचला होता. तो बहिणीमुळे वाचला, असं बाई म्हणाल्या तेव्हा ताईनं धाकटीचा हात धरला. घर येईपर्यंत तिनं तो सोडला नाही.

टाके निघाल्यावर ताई पहिल्यांदाच कारखाना बघायला आली.

“यातला माझा तुकडा कुठला गं?”

धाकटीनं कुंचल्याच्या टोकानं दाखवलं.

“एवढासा? मी तर गल्लीभर सांगितलंय, वीतभर कापला म्हणून.”

दोघी पोट धरून हसल्या. मग धाकटी कामाला लागली. कानापासून वर तांबडी रेघ नेताना तिनं तेवढी जागा कोरी सोडली. जरा वेळ त्या पांढऱ्या फटीकडे बघत राहिली. शिकणारी पोरं गोंधळतील, असं मनाशी म्हणाली, आणि हलक्या हातानं तीही भरली.