नासरेथची साक्ष

“पोचलात का रे नासरेथला?”

फोनच्या पडद्यावर लीलावतीबाईंचं कपाळ, नाकातली ऑक्सिजनची नळी आणि वर फिरणारा पंखा एवढंच दिसत होतं. अजित उजगरे हॉलंडमधल्या नाइमेखनजवळच्या जंगलात, दगडी घरांच्या एका बोळात, हातात अर्धं धपाटं घेऊन उभा होता. आईनं जालन्याहून विचारलेल्या या प्रश्नाचा अर्थच त्याला लागेना.

त्याचं असं झालं होतं. सकाळी टिलबर्गहून निघताना कुमुदिनीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, गाडीचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘आम्ही निघालो नासरेथला!’ पुढे एक हसणारा चेहरा. तिकडे अजितच्या बहिणीनं, मंजूषानं, तो मेसेज आईला वाचून दाखवला. हसणारा चेहरा काही मोठ्यानं वाचता येत नाही, त्यामुळे तो तेवढा राहून गेला.

लीलावतीबाईंच्या दृष्टीनं त्यात अशक्य असं काही नव्हतंच. दीड वर्षापूर्वी पोरगा आणि सून याच जुन्या ओपेल गाडीतून पवित्र भूमीच्या यात्रेला निघणार होते. गाडीतच झोपायचं, डिकीत तांदूळ, डाळ आणि कुकर, हॉटेलचं नाव काढायचं नाही. प्रेषित पौलाच्या वाटेनं उलट जायचं, फिलिप्पै, करिंथ, पुढे बोटीनं इफिस. तिथे गाडी ठेवून मिळेल त्या स्वस्त विमानानं पुढे, आणि आईनं मुंबईहून येऊन नासरेथला, येशूच्या गावी, गाठ घ्यायची. म्हातारीनं त्यासाठी आयुष्यातला पहिला पासपोर्ट काढला होता. सगळं तयार होतं आणि कोरोना आला. सीमा बंद, विमानं बंद. या वर्षीच्या एप्रिलमध्ये तर तो लीलावतीबाईंच्याच घरात शिरला. त्यातून त्या जगल्या, पण फुप्फुसं गेली. डॉक्टर आता महिन्यांचं नाही, दिवसांचं बोलत होते. अजितला जाता येत नव्हतं, कारण भारतातून परत यायची वाट कधी बंद होईल याचा नेम नव्हता, आणि नोकरीचा परवाना वेळेत परत येण्यावरच टांगलेला होता.

नाइमेखनजवळची ही जागा कुमुदिनीनं शोधली होती. ज्यांना पॅलेस्टाइनला जाणं परवडत नव्हतं अशा डच भाविकांसाठी कधीकाळी कुणी जंगलात बायबलमधली गावंच बांधून ठेवली होती. जूनमध्ये संग्रहालयं उघडली तशी ती म्हणाली, “चल, निदान खोटं नासरेथ तरी बघून येऊ.” अजितला फारसं पटलं नव्हतं. पण घरात बसून बसून दोघांच्या अंगाला कुबट वास यायला लागला होता, म्हणून निघाले.

“आई, अगं हे...” अजितनं सुरुवात केली.

कुमुदिनीनं त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

“सलाम, आई. हो, पोचलो. आत्ताच.”

“दाखव बाई, दाखव.”

मग कुमुदिनीनं दाखवलं. नशिबानं ऊन पडलं होतं. मातीच्या रंगाच्या भिंती, बसकी दारं, सपाट छपरं, एक ऑलिव्हचं झाड. पिवळा रेनकोट घातलेला एक डच पोरगा स्कूटर ढकलत मध्ये आला, तेव्हा तिनं फोन झटकन आभाळाकडे केला. एक आजोबा बाकावर बसून वॅफल खात होते, त्यांच्याकडे तिनं पाठ केली. सुपरमार्केटच्या काउंटरवर बारा वर्षं काढलेली बाई ती, समोरच्याला हवं ते हसतमुखानं देण्याची तिला सवय होती.

“प्रभू सुतारकाम कुठं करायचे?”

“हे बघा, इथंच. या दारात.”

पडद्यावर बराच वेळ नुसता पंखा फिरत राहिला. मग कळलं की म्हातारी रडते आहे.

“चाळीस वर्षं गावोगाव सांगत हिंडले गं मी,” लीलावतीबाई म्हणाल्या. “बाया विचारायच्या, बाई, तुम्ही बघितलं का ते गाव? मी म्हणायची, मी नाही बघितलं, पण हाय ते. आज बघितलं. उद्या रविवारच्या भक्तीत मी साक्ष देणार.”

फोन बंद झाला. अजितनं हातातलं धपाटं पुन्हा डब्यात ठेवलं.

परतीच्या वाटेवर तो पहिली तीस-चाळीस किलोमीटर नुसती गाडी चालवत राहिला. अजित सॉफ्टवेअर तपासायचं काम करी, दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायच्या आणि त्या वर कळवायच्या. ऑफिसात तो कुणाचा लाडका नव्हता, पण त्याच्या शब्दावर कुणी शंका घेत नसे. हे तो आईकडून शिकला होता. लीलावतीबाई बायबलबाई होत्या. जालन्याच्या आसपासच्या खेड्यांत पायी जाऊन बायकांना शास्त्र शिकवायच्या, गाणी म्हणायच्या, आणि जे माहीत नाही ते माहीत नाही असं सांगायच्या.

“तू तिला खोटी साक्ष द्यायला लावलीस,” शेवटी तो म्हणाला.

“मी तिला नासरेथ दाखवलं.”

“कुमुद, ती उद्या मंडळीसमोर उभी राहून सांगणार आहे! तिनं आयुष्यात कधी न बघितलेलं बघितलं म्हणून सांगितलं नाही. आणि आता शेवटाला...”

“शेवटाला आहे म्हणूनच ना!” कुमुदिनीचा आवाज चढला. “खरं सांगून तू तिला काय देणार आहेस ते सांग मला. काय देणार आहेस?”

वादात हरत आला की अजित हट्टाला पेटायचा. “घरी गेल्यावर फोन करतो,” तो म्हणाला.

केलाही. फोन मंजूषानं उचलला, हळू आवाजात. “दादा, झोपलीय ती. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा न कण्हता झोपलीय. उठवू का?”

“नको,” अजित म्हणाला.

रविवारी पहाटे दोघं लॅपटॉपसमोर बसले. जालन्याचं देऊळ, म्हणजे चर्च, बंदच होतं, मंडळी आपापल्या घरातून पडद्यावर जमलेली. लीलावतीबाईंना पांढरं पातळ नेसवून उशांना टेकवून बसवलं होतं. दोन वाक्यांमागे एकदा त्या श्वास घ्यायला थांबत. त्यांनी दगडी भिंती सांगितल्या, ऑलिव्हचं झाड सांगितलं, सुताराचं दार सांगितलं. पाळकसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. कुमुदिनीला बरं वाटलं आणि भीतीही वाटली. अजितकडे बघायचा तिला धीर झाला नाही.

त्यानंतर अजितची फारच पंचाईत झाली. आता आईला खरं सांगायचं म्हणजे तिला साऱ्या मंडळीपुढे खोटं पाडायचं. आणि न सांगावं तर जे ती आयुष्यभर बोलली नाही ते तिच्या तोंडी तसंच राहणार. तो रोज फोन करी, रोज ठरवून करी. “आई, एक सांगायचं होतं,” इथपर्यंत येई. मग ती विचारी, “तिथं ऊन लई असतं का रे? जेवायला काय मिळतं?” तो म्हणे, “आई, तू जेवलीस का?” आणि बोलणं औषधांवर जाई. कुमुदिनी स्वयंपाकघरातून ऐकत असे. नवऱ्याची अशी फरफट तिनं कधी पाहिली नव्हती. तिला वाईट वाटत होतं, पण आपण बोललो ते चुकलं असं काही केल्या वाटत नव्हतं.

गुरुवारी लीलावतीबाई गेल्या. झोपेतच.

विमानाचं पाहण्यात अर्थ नव्हता, दफन दुसऱ्याच दिवशी होतं. रात्री अजित गादीवर बसून म्हणाला, “उद्या पाळकसाहेब मला बोलायला सांगतील. मी खरं काय ते सांगून टाकणार आहे.”

कुमुदिनी त्याच्या शेजारी येऊन बसली.

“आईला आता त्यानं काही होणार नाही. चूक माझी होती, मी त्या वेळी गप्प बसलो, असं सांगेन. तुझं नाव घेणार नाही.”

“माझं घे,” ती म्हणाली. “मला त्याचं काही नाही.”

सकाळी मंजूषानं कबरस्तानातून फोन लावून दिला. माणसं मोजकीच येऊ दिली होती. पण पडद्याच्या कडेला, लिंबाच्या सावलीत, सहा-सात म्हाताऱ्या बायका बसलेल्या दिसल्या, डोक्यावर पदर, तोंडाला कुणाचा मास्क, कुणाचा रुमाल. लीलावतीबाईंच्या गावोगावच्या बाया होत्या त्या. टेम्पो करून आल्या होत्या आणि त्यांना परत पाठवायला कुणाची जीभ उचलली नव्हती.

प्रार्थना झाली. गाणं झालं. पाळकसाहेब म्हणाले, “आपल्या बहिणीच्या डोळ्यांना प्रभूनं शेवटी नासरेथ दाखवलं. त्यांचे चिरंजीव अजितराव स्वतः तिथे जाऊन आले आहेत. त्यांनी दोन शब्द बोलावेत.”

मंजूषानं फोन मंडळीकडे वळवला. अजितनं चष्मा नीट केला.

“सलाम, मंडळी. मला एक गोष्ट सांगायची आहे. आईनं रविवारी जी साक्ष दिली, त्याबद्दल.”

कुमुदिनीनं टेबलाखाली स्वतःचाच हात घट्ट धरला.

तेवढ्यात लिंबाखालची एक बाई गुडघ्यावर हात देत उठली आणि फोनच्या अगदी जवळ आली. पडद्यावर तिचे नुसते डोळे दिसायला लागले, एकात मोतीबिंदू पिकलेला.

“मी सोजराबाई, बाळा. तुझी आई आमच्या वस्तीवर यायची. एक इचारू का?”

“विचारा ना, मावशी.”

“मरियामाय पाणी भरायची ती इहीर हाय का रं तिथं अजून? मी बाईला लई डाव इचारलं. बाई म्हणायची, सोजरे, ठावं न्हाई, बघितल्याबिगर कसं सांगू. तू बघितलीस का?”

अजितनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. इतका वेळ की मंजूषाला वाटलं लाइन गेली. “दादा, ऐकू येतंय का?” तिनं विचारलं. सोजराबाई मात्र जागची हलली नाही. चाळीस वर्षं थांबलेल्या बाईला आणखी थोडं थांबायला काय होतं?

“आहे, मावशी,” अजित म्हणाला.

“हाय?”

“हाय. मी बघितली. दगडानं बांधलेली हाय.”

“आन् पाणी?”

“भरपूर. गोड हाय. बाया अजून भरत्यात.”

सोजराबाईनं मागे वळून ते बाकीच्यांना मोठ्यानं सांगितलं. बायकांनी माना डोलावल्या, एकीनं हात जोडले. पाळकसाहेबांनी विचारलं, “अजितराव, तुम्ही काहीतरी सांगत होतात...”

“झालं सांगून,” तो म्हणाला.

माती लोटायला सुरुवात झाली तेव्हा त्यानं आपल्या बाजूचा आवाज बंद केला. कुमुदिनी त्याच्या खांद्याला खांदा लावून बसली होती. या माणसाचं तोंड आपल्याला इतकी वर्षं पाठ आहे असं तिला वाटत होतं, पण आज त्याच्याकडे बघायची तिला लाज वाटली. आपण बोललो ते खोटं आपल्याला किती स्वस्तात पडलं होतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

युट्रेख्टला महिन्यातून एकदा मराठी कुटुंबांची प्रार्थना भरायची. पुढच्या वेळी साक्षीची वेळ आली तेव्हा सगळे सवयीनं अजितकडे बघायला लागले. दर वेळी पहिला तोच उठे. तो मान खाली घालून बसून राहिला. मग कुमुदिनी त्याच्या जागी उठून उभी राहिली, आणि तिला जमेल त्या पट्टीत तिनं गाणं सुरू केलं.