निर्माल्याची बादली

शहराच्या कडेच्या सातारा परिसरात इमारती भराभर उभ्या राहिल्या. पाणी आणि कचऱ्याची गाडी मागून येतो म्हणाले, ते अजून येतच आहेत. त्या वर्षी तर कहरच झाला. पाऊस नाही म्हणून टँकर आठवड्यातून एकदा यायचा, आणि कचरा डेपोजवळच्या गावकऱ्यांनी वैतागून गाड्या अडवल्या होत्या, म्हणून शहरभर रस्त्याच्या कडेनं ढीग साचले होते. लोक नाकाला रुमाल लावून ढिगाला वळसा घालायचे आणि जाता जाता आपलीही पिशवी त्यावर भिरकावायचे.

दमयंतीबाईंच्या सोसायटीला मात्र शिस्तीचा भारी अभिमान. त्यांचे यजमान मधुसूदनराव सेक्रेटरी. ओला कचरा बारीक करायचं मशीन त्यांनीच आणवलं, खताचा हौद बांधून घेतला. पण खताला पाणी शिंपावं लागतं, आणि प्यायलाच नाही तिथं कचऱ्याला कोण घालणार? हौदात नुसत्या अळ्या झाल्या.

मागच्या मोकळ्या प्लॉटवर पुतळाबाई पाल ठोकून राहत होती. पिशोरकडची धनगरीण. गावाकडं चारा संपला तशा मेंढ्या गेल्या, उरलेल्या शेळ्या घेऊन ती शहराच्या कडेला आली. एक दिवस कुंपणापाशी येऊन म्हणाली, "वैनी, हौदात कशापायी सडवता? माझ्या शेळ्यांला द्या की. लई आशीर्वाद देतील."

तेव्हापासून रोजची बादली ठरली. मधुसूदनरावांनी तिथंही डोकं चालवलं. सगळं मशीनमधून काढून द्यायचं. "शेळीला निवडत बसायची खोड असते," ते म्हणाले. "बारीक केलं की मुकाट्यानं सगळं खाईल." पुतळाबाईला काय, ती खूश होती. साली, देठं, कोबीची पानं, सगळ्याचा ओला लगदा व्हायचा आणि शेळ्या घमेलं चाटूनपुसून ठेवायच्या. उन्हाळाभर त्या त्यावरच तगल्या.

राहता राहिलं निर्माल्य. ते कांद्यालसणाच्या सालींत टाकायचं कुणाच्याच मनाला येईना. एरवी पोतं भरलं की कुणीतरी पैठणला जाताना घेऊन जायचं आणि गोदावरीत सोडायचं. त्या वर्षी तिथंही घाटाच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. श्रावण जवळ आला, पोती जिन्याखाली साचू लागली, वास येऊ लागला. तेव्हा तोडगा दमयंतीबाईंनीच काढला.

"मुक्या जिवाच्या मुखात गेलं म्हणजे नदीत गेल्यासारखंच," त्या म्हणाल्या. सगळ्यांना पटलं. त्या स्वतः आंघोळ करून मशीनपाशी जायच्या, निर्माल्य आधी घालायच्या, मग बाकीचं. चांगल्या मनाची बाई. तिच्या या चांगल्या मनाचाच मला राग येतो.

पहिल्या श्रावणी सोमवारी घरोघर महादेवाची पूजा झाली. बाजारात फुलांना हात लावायची सोय नव्हती. सोसायटीत पाण्यावाचून फुललेली एकच गोष्ट होती, कुंपणाची कण्हेर. लोकांनी पानांसकट फांद्याच मोडून आणल्या आणि पिंडी झाकून टाकल्या. दुसऱ्या दिवशी बादली काठोकाठ भरली.

बुधवारी पहाटे पुतळाबाईच्या दोन शेळ्या पाय झाडून मेल्या. तिसरी थरथरत होती. पुतळाबाईच्या ओरडण्यानं अख्खी सोसायटी गच्चीवर आली. मधुसूदनरावांनी माणुसकी दाखवली, सरकारी दवाखान्यातून जनावरांच्या डॉक्टरला बोलावून आणलं.

डॉक्टरनं तपासलं, सुई टोचली. "काहीतरी विषारी खाल्लंय. कुठं चरायला सोडता यांना?"

"रस्त्यावर, दुसरं कुठं!" मधुसूदनराव मध्येच म्हणाले. "ढिगांमध्ये काय काय असतं, प्लास्टिक, औषधं..."

पुतळाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "व्हय, साहेब, माझंच चुकलं. पोटाला कमी पडायलं म्हणून जरा मोकळ्या सोडल्या. आता मेले तरी नाय सोडत. बांधूनच घालीन. ह्ये भल्या घरचं हाय, देवाचं हाय, ह्येच घालीन."

डॉक्टरला आणखी चार ठिकाणी जायचं होतं, तो गेला. पुतळाबाईनं डोळे पुसले, उरलेल्या शेळ्या खुंट्यांना आखूड बांधल्या आणि कालची उरलेली बादली घमेल्यात ओतली.

दमयंतीबाई तिथंच उभ्या होत्या. हिरव्या लगद्यात त्यांना गुलाबी पाकळीचा तुकडा दिसला. कण्हेर तोंडात घालू नये हे त्यांच्या आईनं त्यांना परकरात असताना शिकवलं होतं, त्यांनी लेकीला शिकवलं होतं. पण महादेवाला वाहिल्यावर ती त्यांच्या लेखी कण्हेर राहिलीच नव्हती. ते निर्माल्य झालं होतं.

"चल घरी," मधुसूदनराव हलक्या आवाजात त्यांना म्हणाले. त्यांनीही पाकळी पाहिली होती. "एक शब्द बोलू नकोस."

शेळ्यांनी माना खाली घातल्या.

"पुतळाबाई, घालू नका! त्यात कण्हेर आहे!" दमयंतीबाई ओरडल्या.

पुतळाबाईनं लाथेनं घमेलं उडवलं. मग खाली बसून लगदा बोटांनी चिवडला. पान सापडलं, पाकळी सापडली. ती वर बघून म्हणाली, "वैनी, ही कुणी घातली?"

"मी."

"इखारी असती, तुमाला ठावं नव्हतं?"

"माहीत होतं," दमयंतीबाई म्हणाल्या आणि रडू लागल्या. "देवावरची होती हो. माझ्या मनातच आलं नाही. देवावरची होती..."

शेळ्या दावं ताणून सांडलेल्या लगद्याकडं ओढ घेत होत्या. पुतळाबाई दोन्ही हातांनी माती ओढून तो झाकायला लागली. दमयंतीबाईही पदर खोचून खाली बसल्या, मातीला हात घातला.

"तुमी हात लावू नका," पुतळाबाई म्हणाली.

दमयंतीबाईंनी हात मागं घेतला. शेळ्या भुकेनं ओरडत होत्या, आणि पुतळाबाईपाशी त्यांच्यापुढं टाकायला आता दुसरं काहीच नव्हतं.