आजोबा तपासून देतात

टिचकीच्या घरात टॅब्लेट आला तो शाळेकडून. निळं कव्हर, मागे चिकटवलेला नंबर आणि सोबत नियमांचा एक कागद. टॅब्लेट विद्यार्थ्याखेरीज घरातल्या कुणीही वापरू नये, असं त्यात ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. टिचकीच्या आईने खाली सही केली आणि कागद फ्रिजला चिकटवला. त्यानंतर तो कुणी वाचला नाही. असे कागद कुठल्याही घरात कुणी वाचत नाही.

टिचकी सातवीत होती. लहानपणी दिसेल त्या वस्तूला टिचकी मारायची, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. वडील बोटीवर नोकरीला, वर्षातून दोनदा उगवायचे. आई औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असायची, ती सहाला यायची. दुपारी घरात टिचकी आणि तिचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, असे दोघंच.

आजोबा वजनमाप निरीक्षक होते. तीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतून तराजू तपासले. ते गल्लीत शिरले की दुकानदारांच्या तोंडचं पाणी पळायचं, असं ते स्वतःच सांगत, आणि ते खरंही असावं. नाकावर माशी बसू न देणारा माणूस. गेल्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय दोन महिन्यांत सावरले, बोलणं परत आलं. आकडे मात्र गेले. सहा आणि आठ यांत मोठा कोणता, हे सांगायला त्यांना वेळ लागायचा. दवाखान्यातल्या बाईंनी सरावासाठी एक पुस्तक दिलं, त्यात तळ्यातली बदकं मोजायची होती. आजोबांनी ते पुस्तक बदकांसकट खिडकीबाहेर भिरकावलं. त्यानंतर घरात आकड्यांचं नाव काढायची कुणाची छाती झाली नाही.

मग एका दुपारी टिचकी टॅब्लेटवर गणितं सोडवत असताना आजोबा शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "काय चाललंय?"

"गृहपाठ," टिचकी म्हणाली. आणि पुढचं तिच्या तोंडून सहज निघून गेलं. "आजोबा, तपासून देता?"

'शिका' म्हटलं असतं तर ते उठून गेले असते. 'तपासून देता' म्हटल्यावर त्यांनी चष्मा लावला.

टॅब्लेटमधलं ते अ‍ॅप घरच्या सरावासाठी होतं. मुलाची पातळी ते स्वतःच ठरवायचं, एकपासून दहापर्यंत. उत्तर बरोबर आलं की अवघड गणित, चुकलं की सोपं. टिचकीची पातळी आठ. स्क्रीनवर समीकरण पाहून आजोबांचा चेहरा पडला. "थांबा, दुसरं काढते," असं म्हणून टिचकीने पटापट चुकीची उत्तरं दाबायला सुरुवात केली. अर्ध्या तासात पातळी दोनवर आणून ठेवली. चुकायला इतकी मेहनत लागते हे तिला त्या दिवशी कळलं.

"पंधरा वजा तीन," आजोबांनी मोठ्याने वाचलं. "सातवीला हे शिकवतात?"

"हो."

"बोंबला," आजोबा म्हणाले आणि विचार करू लागले. बऱ्याच वेळाने त्यांनी बारावर बोट ठेवलं. स्क्रीनवर एक तारा उडाला आणि 'शाब्बास, छोट्या दोस्ता!' अशी अक्षरं नाचली. आजोबांनी ती वाचली नसावीत. वाचली असती तर टॅब्लेटही बदकांच्या वाटेने गेला असता.

तेव्हापासून रोज चार ते पाच हा तपासणीचा तास झाला. टिचकी स्वतःची गणितं वहीत करायची आणि टॅब्लेट त्यांच्या हाती द्यायची. महिन्याभरात आजोबांची दोन अंकी वजाबाकी रुळावर आली, फक्त हातचा घ्यायची वेळ आली की गाडी घसरायची. बेचाळीसमधून सतरा गेले की ते पस्तीस उरवायचे. दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन काढायचे आणि मोकळं व्हायचं. टिचकीने एकदा "असं नाही का?" म्हणून बघितलं. ते इतके कडवट झाले, की तिने पुन्हा तोंड उघडलं नाही. तपासणाऱ्याला कोण तपासणार?

मधे एकदा शाळेतल्या गणिताच्या बाईंनी सगळ्या वर्गाला अपूर्णांकांचा एक संच पाठवला आणि चार वाजता टॅब्लेट उघडला तो त्याच्यावरच. आजोबांचं बोट हवेत राहिलं. मग ते उठले, भिंतीकडे तोंड करून निजले. दोन दिवस जेवायला टेबलावर आले नाहीत. टिचकीला तेव्हा फार भीती वाटली. असं परत होऊ द्यायचं नाही, एवढंच तिने मनाशी धरलं.

शाळेत सहामाहीनंतर सातवीचे दोन गट पडायचे. वरचा गट गणिताच्या बाईंकडे. त्याच गटातली मुलं पुढे आंतरशालेय स्पर्धेला जायची. टिचकीला पाचवीपासून त्या गटात जायचं होतं, आणि ती जाणार याबद्दल वर्गात कुणालाच शंका नव्हती. गट दरवर्षी परीक्षेवरून पडायचे. या वर्षी मुख्याध्यापिका कुठल्याशा शिबिराला जाऊन आल्या आणि त्यांनी ठरवलं, की टॅब्लेट महिनोन् महिने मुलांना जोखतोच आहे, मग वेगळी परीक्षा हवीच कशाला? शिबिराहून आलेल्या माणसापुढे कुणाचं काही चालत नाही. यादी लागली. टिचकीचं नाव 'पाया पक्का' गटात, पातळी दोन.

बाईंनी तिला बोलावलं. "फळ्यावर तू आठव्या पातळीची गणितं सोडवतेस. हे काय आहे?"

टिचकीला फ्रिजवरचा नियमांचा कागद आठवला. आणि खरं सांगायचं म्हणजे आजोबांना पंधरा वजा तीन येत नव्हतं, हे सांगायचं. ते तिच्याच्याने होईना.

बाईंनी मुख्याध्यापिकांच्या मागे लागून तिच्यासाठी एक फेरचाचणी मिळवली. त्यानंतर यादी पक्की, वर्षभर बदल नाही.

"कागदावर देऊ का चाचणी?" टिचकीने विचारलं.

"नाही, टॅब्लेटवरच."

"मग त्यात पातळी वर गेली, तर घरी परत खाली आणता येते?"

बाईंना प्रश्न विचित्र वाटला. "चाचणीत आलेली पातळी सहा महिने कायम राहते. घरीसुद्धा तिथूनच सुरू होतं. पण तुला खाली कशाला आणायची आहे?"



चाचणी मधल्या सुट्टीत, बाईंच्या टेबलासमोर झाली. तीस गणितं. पहिली दोन तिने बरोबर सोडवली आणि तिसरं समोर आलं ते थोडं अवघड. ती थांबली. बाहेर मुलं ओरडत होती. एकीकडे वरचा गट होता, दोन वर्षं डोळ्यांसमोर ठेवलेला, आणि दुसरीकडे चार वाजता चष्मा पुसून बसणारे आजोबा. सहा महिने अपूर्णांक. ते कधीच परत बसणार नाहीत, हे तिला पक्कं माहीत होतं. बारा वर्षांच्या मुलीला असला निवाडा करायला लावू नये. पण तिथे तिला लावणारं कुणी नव्हतं आणि थांबवणारंही कुणी नव्हतं. तिने चुकायला सुरुवात केली.

नुसतं चुकूनही भागत नव्हतं, कारण फार चुकलं तर पातळी एकवर गेली असती. म्हणून ती आजोबांसारखी चुकली. एक्याऐंशी वजा छत्तीस, पंचावन्न. साधी वजाबाकी बरोबर, हातच्याची चूक. शेवटी स्क्रीनने पातळी दोन जाहीर केली. बाईंनी तिच्याकडे बघितलं. ती रडत होती, पण आवाज न करता, आणि बाईंना वाटलं ती हरली म्हणून रडते आहे.

दोन दिवसांनी घरी अहवाल आला. संध्याकाळी आईने तो टेबलाशी उभ्या उभ्याच वाचला. काउंटरवर दिवसभर उभी राहिलेली बाई होती ती, चिडायला तिला फार लांब जावं लागलं नाही.

"दोन अंकी वजाबाकी येत नाही? तुला? अगं, दुकानातल्या औषधांची बेरीज तू माझ्याआधी करतेस."

टिचकी चमच्याकडे बघत बसली. आजोबा समोर जेवत होते.

"आणि सराव तर रोज केला आहे असं दिसतंय," आई पुढे वाचू लागली. "रोज. दुपारी चार ते पाच. चार ते पाच तर तू आजोबांबरोबर…"

ती तिथेच थांबली. तिने वडिलांकडे पाहिलं नाही, अहवालाकडेच बघत राहिली, पण उशीर झाला होता. आजोबांनी घास खाली ठेवला.

"ते मशीन माझं धरत होतं?" त्यांनी विचारलं.

आईने अहवाल उलटा ठेवला. आजोबा टिचकीकडे वळले.

"टिचके, तुझ्या वर्गात पंधरा वजा तीन शिकवत नाहीत ना?"

"नाही," टिचकी म्हणाली.

आजोबांना लाज वाटली. म्हातारपणी माणसाला राग येतो, हट्ट येतो, पण इतकी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती. ते उठले. आईला वाटलं, आता परत भिंतीकडे तोंड. पण त्यांनी कपाटातून पांढरा शर्ट काढला आणि इस्त्री मागितली.

सकाळी ते शाळेत गेले. मुख्याध्यापिकांच्या खोलीत बाई होत्या, कारकून होता, टिचकीला वर्गातून बोलावून घेतलं होतं. आजोबा बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "तुमच्या यादीत हिच्या नावापुढे जी पातळी आहे, ती माझी आहे. मला आजारानंतर वजाबाकी येत नाही. ही मला शिकवत होती आणि मी समजत होतो मी हिला तपासतोय."

कारकुनाने टंकलेखन थांबवलं.

"तुमच्या भावना समजतात," मुख्याध्यापिका म्हणाल्या. त्यांना त्या समजत नव्हत्या, हे उघड होतं. "पण फेरचाचणी तर तिने इथे बसून दिली. असं तोंडी कसं धरायचं?"

"तोंडी धरू नका," आजोबा म्हणाले. "मला बसवा."

मग एका परक्या खोलीत, कारकुनासकट चौघांसमोर, पांढरा इस्त्रीचा शर्ट घातलेला तो माणूस टॅब्लेट घेऊन बसला आणि दहा गणितं सोडवायला लागला. वीस मिनिटं लागली. मधे फोन वाजला, तो कुणी उचलला नाही. त्रेसष्ट वजा अठ्ठावीसला त्यांनी पंचेचाळीस लिहिले. स्क्रीनवर 'जवळपास पोचलास, छोट्या दोस्ता!' असं आलं. या वेळी त्यांनी ते वाचलं आणि पुढचं गणित घेतलं.

बाईंनी टिचकीच्या चाचणीची उत्तरं शेजारी ठेवली. चुका तंतोतंत एकाच जातीच्या होत्या. बाईंना तो रडका चेहरा आठवला आणि त्यांना स्वतःचाच राग आला. त्यांनी कोऱ्या कागदावर आठव्या पातळीची तीन समीकरणं लिहून टिचकीपुढे सरकवली. तिने ती उभ्याउभ्या सोडवली. मुख्याध्यापिकांनी कागद दोनदा पाहिला, आजोबांकडे एकदा पाहिलं, आणि यादीवर पेनने नाव वर घेतलं. वर्गाचा टॅब्लेट वेगळा ठेवायचा, असंही त्या काहीतरी म्हणाल्या. घरचा मात्र पातळी दोनवरच राहील, असं बाई म्हणाल्या.

आता निघायचं होतं. आजोबा उठले नाहीत. टॅब्लेट अजून त्यांच्या हातात होता आणि ते त्रेसष्ट वजा अठ्ठावीसवर परत गेले होते.

"टिचके," ते म्हणाले, "इथं माझं काय चुकतंय?"

टिचकीने मुख्याध्यापिकांकडे बघितलं, मग खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसली. "तिनातून आठ जात नाहीत, आजोबा. म्हणून सहातला एक दशक सुटा करायचा. मग तेरातून आठ काढायचे."

आजोबांनी बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहिलं. खोलीत सगळे होते आणि सगळ्यांना ऐकू येत होतं.

"मला नाही कळलं," ते म्हणाले. "परत सांग."