चाळिसाव्याची सिगारेट

“ठेवा हात रोटीवर,” साकिने म्हणाली.

“चार महिन्यांपूर्वी ठेवला होता की. रोटी शिळी झाली म्हणून शपथही शिळी होते होय?”

“तोंड चालवू नका, हात ठेवा. झेनेलभावजींकडे आज पन्नास माणसं धूर काढत बसली असतील. डॉक्टर काय म्हणाला? छातीची चाळण झालीय. आता विस्तव ओढलात तर पुढचं चाळिसावं आपल्याच घरी.”

हिदिरने रोटीवर हात ठेवला. एवढ्याशा बोलण्यानेही त्याला धाप लागली होती. बुटाचे बंद साकिनेनेच बांधले आणि ते यंत्र त्याच्या कोटाच्या खिशात सरकवलं. यंत्र म्हणजे मूठभर आकाराची काळी डबी. लेक बेरिवान जर्मनीत नर्स होती, तिने पाठवलेली. आत कोरडं पान भरायचं, कळ दाबायची; पान नुसतं तापतं, जळत नाही. धुराऐवजी वाफ येते. तीही इतकी विरळ, की पहिल्या दिवशी हिदिर म्हणाला होता, “हे म्हणजे लग्नाला जाऊन पत्रावळीचा वास घेऊन परत यायचं.”

त्याला खरा राग होता तो कोरड्या पानाचा. पन्नास वर्षं त्याने तंबाखू कापली होती. कापण्याआधी पानावर पाणी शिंपडायचं, पान मऊ करायचं, मग केसासारखं बारीक कापायचं. पानाचा चुरा झाला की कारागिराची अब्रू गेली. आणि या यंत्राला नेमका चुराच लागत होता. जे आयुष्यभर केरात लोटलं, तेच म्हातारपणी नशिबी आलं.

पण चेलिखानच्या डोंगरात हिदिर वस्तादाचं नाव होतं ते त्याच्या सुरीपेक्षा जिभेमुळे. दोन झुरक्यांत तो सांगे, पान कोणत्या उतारावरचं, पाणी कोणत्या झऱ्याचं. व्यापारी त्याला बाजारातल्या वजनकाट्यापाशी उभा करत. तो हो म्हणाला तर माल खरा, नाही म्हणाला तर परत बैलगाडीत. त्या जिभेने कधी कुणाची भीडभाड ठेवली नाही. सख्ख्या भावाचीही नाही.

नऊ वर्षांपूर्वी झेनेलचा माल काट्यावर आला तेव्हा व्यापारी जमशिदला संशय आला होता. हिदिरने त्या मालाची एक सिगारेट ओढली, विझवली, कागद फाडला आणि आतली तंबाखू तळहातावर पसरून नखाने दोन वाटे केले. “हे आपल्या डोंगराचं. हे खालच्या मैदानातलं. भेसळ आहे.” सगळ्या बाजारासमोर. इथे दुसऱ्याने वळलेली सिगारेट फाडणं म्हणजे त्याला चोर म्हणणं. वेगळं काही बोलावं लागत नाही. झेनेलने त्या दिवसापासून थोरल्या भावाचा उंबरा चढला नाही. त्याची बायको गुलिझार तेवढी दरवर्षी सुकवलेल्या तुतीची पुरचुंडी गुपचूप पाठवत राहिली.

गुलिझार गेली, त्याला आज चाळीस दिवस झाले. मरताना तिने एकच मागितलं, दोघांनी एकदा शेजारी बसून जेवावं. मग गावातल्या वडीलधाऱ्या वेली बाबांनी मध्ये पडून ठरवलं. चाळिसाव्याच्या जेवणाला झेनेल स्वतः सिगारेट वळेल, स्वतःच्या थुंकीने चिकटवेल आणि भावाला देईल. भावाने ती घेऊन ओढली की विषय संपला. चेलिखानात समेट असाच होतो.

वाटभर हिदिर मनाशी ठरवत होता. सिगारेट घ्यायची, पण पेटवायची नाही. तिच्यातली तंबाखू यंत्रात भरून ओढायची. रोटीही राहील, भाऊही राहील. स्वतःच्या हुशारीवर तो इतका खूश होता की चढावर तीनदा थांबावं लागलं तरी कुरकुरला नाही.

खोलीत पुरुष भिंतीला टेकून बसले होते. मध्ये रोट्यांची चवड, गव्हाची लापशी, मटण. दाराशी बायका, हिदिरच्या मागून आलेली साकिनेही त्यांतच. झेनेल केवढा खंगला होता! धाकटा असून थोरला दिसत होता. त्याने तंबाखूच्या थाळीतून चिमूट घेतली, कागदावर पसरली, वळली, जीभ फिरवली. “घे, दादा,” तो म्हणाला. नऊ वर्षांनी दादा म्हणाला.

त्याने सिगारेट घेतली, कपाळाला लावली आणि दुसऱ्या हाताने खिशातलं यंत्र काढलं. मग यंत्र भरायच्या गेल्या चार महिन्यांच्या सवयीने, मनात काहीही नसताना, त्याने कागद फाडला आणि तंबाखू तळहातावर पसरली.

भिंतीला टेकलेली माणसं सरळ होऊन बसली.

हिदिरने वर पाहिलं. झेनेलचा चेहरा राखेसारखा झाला होता. “इथंसुद्धा?” तो म्हणाला. “तिच्या चाळिसाव्यालासुद्धा, दादा?”

“अरे नाही, नाही! छातीमुळे रे. हे यंत्र... यात भरायचं असतं...” हिदिरला धाप लागली, शब्द अर्धवट राहिले. आपण काय करून बसलो हे कळलं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“भरा की मग,” कोपऱ्यातून जमशिद व्यापारी म्हणाला. “वस्तादाने पान उघडलंय. आता निवाडाही होऊन जाऊ दे.”

वेली बाबा त्याच्यावर डोळे वटारत होते, पण शब्द बाहेर पडून गेला होता. हिदिरने यंत्र भरलं. कळ दाबली. सगळी खोली त्या काळ्या डबीकडे बघत होती. पहिला झुरका नुसत्या पाण्याच्या वाफेचा. पान ओलं होतं. दुसऱ्या झुरक्याला चव आली.

विस्तव पुष्कळ काही झाकतो. वाफ काही झाकत नाही. जिभेच्या कडेला ओल्या पेंढ्याचा कडवटपणा आला आणि हिदिरला सगळं कळलं. अर्ध्याहून जास्त पान मैदानातलं होतं. बायकोच्या आजारपणात झेनेलने चांगला माल केव्हाच विकून टाकला असणार, आणि पाहुण्यांसमोर तंबाखूची थाळी रिकामी नको म्हणून हे मिळेल ते मिसळलं असणार. खोलीतल्या निम्म्या लोकांना हे धुरातही कळलं असेल. सुतकाच्या घरी कोण बोलणार? आता मात्र सगळे त्याच्या बोलण्याची वाट बघत होते. झेनेल खाली मान घालून बसला होता, नऊ वर्षांपूर्वी काट्यापाशी बसला होता तसाच.

“आपल्या बापाच्या उतारावरचं आहे,” हिदिर म्हणाला. “एक पान इकडचं तिकडचं नाही.”

जमशिद हसला. “वस्ताद, रोटीवर हात ठेवून सांगता?”

समोर चवड होती. सकाळी घरच्या रोटीवर ठेवलेला तोच हात हिदिरने पुढे केला आणि तिच्यावर ठेवला. “सांगतो.”

दाराशी उभ्या साकिनेने पदराने तोंड झाकलं. तिला या माणसाची पन्नास वर्षं ठाऊक होती.

“गेले वस्ताद कामातून,” जमशिद शेजाऱ्याच्या कानाशी म्हणाला, पण ऐकू सगळ्यांना गेलं. “छातीबरोबर जीभही गेली.”

हिदिरने ऐकलं. झेनेलनेही ऐकलं. तो उठला, भावाच्या शेजारी येऊन बसला, एक रोटी मोडली आणि अर्धी त्याच्या हातात दिली. दोघं जेवले. झेनेलला घास गिळवत नव्हता.

त्या शरद ऋतूत काट्यापाशी दुसराच माणूस उभा राहिला. हिदिरला कुणी बोलावलं नाही. माळ्यावरच्या खिडकीतून त्याला काट्याच्या साखळ्यांचा आवाज ऐकू येई आणि तो खिडकी लावून घेई. त्याला वाईट वाटत होतं, आणि ते तो साकिनेपासून लपवतही नव्हता.

दर गुरुवारी झेनेल येत असे. येताना फडक्यात कडक वाळलेली पानं आणत असे. आधी त्याला ते जमायचं नाही. तोही कारागिराच्याच पोटचा, पान मोडायला हात धजावायचा नाही. मग शिकला. भावाच्या पायाशी बसून तो पान तळहातावर चुरगळायचा, शिरा वेचून काढायचा आणि यंत्र भरून पुढे करायचा.

“कुठलं ते विचारत नाहीस, दादा?”

“तू आणलंस ना?” हिदिर म्हणाला.

त्याने वाफ ओढली. झऱ्यापलीकडचा उतार, वरून तिसरा वाफा. आणि शेजारच्या वाफ्यातली दोन पानं चुकून आलेली. त्याने ते जिभेवरच राहू दिलं, आणि यंत्र भावाच्या हातात दिलं.