आरोंद्याचा रस्ता

परशुराम गुरवाने ओल्या पाकळ्या देवीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवल्या आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं. समोर बसलेली बाई शिरोड्याहून आली होती, मुलीचं लग्न ठरवावं की नको ते विचारायला. उजवी पाकळी पडली, म्हणजे देवीचा होकार. बाईचा जीव भांड्यात पडला. ती पदराने डोळे पुसत होती, तेवढ्यात परशुरामने तिला विचारलं की शिरोड्यापुढे आरोंद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर खडी पडली की अजून मातीच आहे.

बाई बिचारी गोंधळली. देवीचा कौल झाला, आता हे काय नवीन? तरी तिने आठवून सांगितलं. खडी अर्ध्यापर्यंत पडली आहे, पुढे माती, आणि व्हाळाच्या पाण्याजवळ चाक रुतेल अशी वाळू. परशुरामने मान डोलावली आणि प्रसाद दिला.

कौल घ्यायला लांबून आलेल्या प्रत्येकाला तो असंच काहीतरी विचारायचा. मुंबईहून परत आलेल्या एका गिरणी कामगाराकडून त्याने जुनी सायकल घेतली होती आणि तेव्हापासून आपल्या वालावल गावाच्या आसपासच्या पाणंदी, सडे, तांबड्या मातीच्या वाटा, यांतली एकही त्याने सोडली नव्हती. पण त्या सगळ्या जवळच्या. सकाळची पूजा आटोपून निघायचं आणि दुपारच्या नैवेद्याला परत. नैवेद्य झाला की पुन्हा निघायचं आणि तिन्हीसांजेच्या दिवाबत्तीला देवळात हजर. खुंट्याला बांधलेलं ढोर चरतं ना, तशी त्याची सायकल फिरायची.

आरोंद्याचा रस्ता मात्र त्याने नुसता विचारून विचारून पाठ केला होता. मठाच्या उतारावर ब्रेक जपायचा. वेंगुर्ल्याच्या बाजारातून न जाता मागच्या बाजूने काढायची. मोचेमाडच्या घाटीत उतरून सायकल हाताने चढवायची आणि वर, जिथे एकाएकी समुद्र दिसतो म्हणतात, तिथे बसून एक विडी ओढायची. विडी कुठे ओढायची हेसुद्धा ठरलेलं! आता कोणी म्हणेल, एवढं ठरलंय तर जा की बाबा. जायचं, पण परत कधी यायचं? पूजा, नैवेद्य आणि दिवाबत्ती सांभाळून जाऊन येणं सायकलीलाही जमण्यासारखं नव्हतं आणि एस.टी.लाही. देवीच्या गाभाऱ्यात बायकांना जाता येत नाही, परशुरामला मुलगा नाही, आणि चुलता दत्ताराम दोन वर्षं पडवीत अंथरुणाला खिळलेला. शेजारच्या गावचा गुरव यायचा तो फक्त सुतकात. एकदा परशुरामने मानकऱ्यांपुढे शब्द टाकून बघितला होता. एका रात्रीपुरतं शेजारच्या गुरवाला बोलवा, म्हणून. त्यावर थोरल्या मानकऱ्यांनी एवढंच विचारलं होतं, की देवीला टाकून फिरायला जाणारा गुरव त्यांनी अजून पाहिला नाही, तो हाच काय?

फिरायला! आरोंद्याला त्याची धाकटी बहीण तुळसा दिली होती. लग्नानंतर वर्षभरात बाप गेला, पाठोपाठ काकाने अंथरूण धरलं आणि तेव्हापासून तिच्या दारात माहेरचं माणूस उभं राहिलं नव्हतं. भाऊबीज आली की तिची सासू शेजारणींसमोर विचारायची, आमच्या सुनेला भाऊ आहे, असं ऐकलं होतं, तुम्ही कोणी पाहिलाय का त्याला? हे तुळसाने कधी कळवलं नाही. आरोंद्याच्या एका मासेवालीने बोलता बोलता सांगितलं, आणि परशुरामच्या बायकोने, सुगंधाने, ते ऐकून दोन दिवस नवऱ्याशी धड बोलणं टाकलं. त्याचा काय दोष, हे तिलाही कळत होतं. पण राग काढायचा तर कोणावर?

दत्तारामकाका पडल्या पडल्या सगळं ऐकत असे. त्याने स्वतः उभा जन्म देवीची पूजा केली होती आणि कुडाळच्या बाजारापलीकडचं जग बघितलं नव्हतं. एका सकाळी परशुराम अंगणात सायकलीला हवा भरत होता. काकाने त्याला जवळ बोलावलं.

"परशा, माझां सुतक वाया घालव नको."

"असां काय बोलतास, काका?"

"धा दिवस दिवो दुसरो लावतलो. तू मोकळो. आरोंद्याक जाऊन ये."

परशुराम म्हणाला, की सुतकातला माणूस कोणाच्या घरात कसा शिरणार?

"घरात कित्याक? अंगणात उभो रव. तुळसाचो भाऊ इल्लो लोकांका दिसलो, म्हणजे झालां."

असलं बोलणं ऐकून घेतलं म्हणून परशुरामला स्वतःची लाज वाटली. पण त्या दिवसापासून काका खोकला की त्याचं मन थेट मोचेमाडच्या घाटीत जाऊन पोचायचं आणि तिथून त्याला ते ओढून परत आणावं लागायचं. त्याने काकाची सेवा आणखी जिवापाड केली, अंग पुसलं, पेज भरवली. आणि साखळीला तेल घालायचंही चुकवलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच हाताने होत होत्या, हे त्याला दिसत होतं आणि ते सोसत नव्हतं.

मिरगाचा पाऊस जवळ आला होता तेव्हा काका गेला. पहाटे पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि संपलं. परशुराम हमसून हमसून रडला. त्यात खोटं काही नव्हतं.

शेजारच्या गावचा गुरव आपला तांब्या घेऊन आला आणि देवळाकडे गेला. अंगणात तिरडी बांधली जात होती. मग एका म्हाताऱ्याने रिवाज म्हणून विचारलं, की अग्नी कोण देणार. सगळ्यांनी परशुरामकडे बघितलं, बस्स.

काकाला मूलबाळ नव्हतं. अग्नी परशुरामच देणार, क्रिया तोच धरणार. क्रिया धरलेल्या माणसाने दहा दिवस गावची शीव ओलांडायची नाही, रोज पिंड द्यायचा, जिथे जीव गेला तिथला दिवा विझू द्यायचा नाही. हे शेंबड्या पोराला माहीत असतं, परशुरामने तर बापाची क्रियाही धरली होती. पण जन्मभर फक्त देवळातल्या दिव्याचं बघत आलेल्या त्या दोघांच्या, काकाच्या आणि पुतण्याच्या, ते डोक्यातच आलं नव्हतं. परशुराम तिरडीजवळ बसला होता आणि त्याला क्षणभर हसू येईल की काय असं वाटलं. मेला तोही फसला आणि उरला तोही.

आरोंद्याला कळवायला हवं होतं. शेजारचा बाबली, नात्यातला नव्हे म्हणून सुतक नसलेला, जायला तयार झाला. परशुरामने त्याला सायकल दिली आणि खांबाला टेकून रस्ता सांगितला. मठाचा उतार, वेंगुर्ल्याची मागची बाजू, व्हाळाजवळची वाळू, तुळसाच्या दाराकडे वळणारा माडाखालचा बांध. बाबली ऐकत राहिला.

"तू गेलेलंस मगे कधी?" त्याने विचारलं.

"नाय," परशुराम म्हणाला. "घाटीत वर इलंस की वायंच थांब. थंयसून समुद्र दिसता."

बाबली दुसऱ्या दिवशी परत आला. समुद्र दिसला, म्हणाला, पण थांबण्यासारखी वेळ नव्हती.

तुळसा तिसऱ्या दिवशी एस.टी.ने आली, दिरासोबत. दाराशी रडली, सुगंधाच्या गळ्यात पडून रडली. दीर पाणी पिऊन परतीच्या गाडीला गेला. मग ती पडवीत आली आणि भावापासून चार हात अंतर ठेवून बसली. परशुरामचं डोकं भादरलेलं होतं. त्याने सासरचं सगळं बरं आहे ना विचारलं, ती बरं आहे म्हणाली. त्याने मग जे तोंडाशी आलं ते सांगून टाकलं, की मी येणार होतो, तुळसा, खरंच येणार होतो. ती मान हलवत होती.

"माका ठावक आसा," ती म्हणाली. "तू सायकल घेतलंस ता मासेवालीन सांगल्यान होतां. बांधार लांबसून सायकल दिसली तशी मी सासूक हाक मारून सांगलंय, बघा, माझो भाऊ इलो."

परशुराम दिव्यात तेल घालायला हात पुढे करत होता. तो तसाच थांबला.

"सासू पदर सारखो करून भायर इली. म्हणाली, त्येका पाय धुवूक पाणी दी. मी घागर घेऊन धावलंय." तुळसाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "बाबली अंगणात येयपर्यंत तूच होतंस तो."